स्क्रू आपोआप फिरत नाही

सायकलच्या हँडलवरचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, ‘टक’ करतो, बोटाला तो टक कळतो आणि मागे काहीच घडत नाही. पेडलचे दोन-तीन फेरे निघून जातात आणि मग, आपण सीटवरून उठून पुरता जोर लावलेला असताना, चेनला अचानक आठवण होते. खाड्कन आवाज, गुडघ्याला हिसका. देशावरच्या लांब सपाट रस्त्यांवर असा गिअर घेऊन माणूस महिनाभर फिरू शकतो, कारण तिथे गिअर फारसा बदलावाच लागत नाही. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी रस्त्यावर ही खोड लपत नाही. खाडी ओलांडली की चढ, चढ संपला की सडा, सडा संपला की पुढच्या खाडीकडे उतार. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागरकडे निघा किंवा आरे-वारेची वळणं घ्या, मागच्या डिरेलरला, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर चेन इकडून तिकडे ढकलणाऱ्या यंत्राला, पाच मिनिटं विसावा मिळत नाही.

गिअर नीट पडेना की हात पहिल्यांदा जातो तो स्क्रूड्रायव्हरकडे. डिरेलरच्या पाठीवर एच आणि एल लिहिलेले, डिरेलरची बाहेरची आणि आतली हद्द ठरवणारे दोन लहान स्क्रू दिसतात आणि ते पिळायचा मोह कोणालाही होतो. पण काल नीट चालणाऱ्या सायकलचे हे स्क्रू रात्रीतून कोणी फिरवलेले नसतात. काहीतरी गंजलंय, वाकलंय, झिजलंय, उसवलंय किंवा जागेवरून सरकलंय. ते न शोधता स्क्रू फिरवले की मूळ दुखणं तसंच राहतं आणि त्यावर दुसरं, आपण निर्माण केलेलं, बसतं. किनाऱ्यावर माझा पहिला संशय मिठावर असतो, दुसरा हँगरवर, म्हणजे डिरेलर ज्या पट्टीला लटकतो तिच्यावर. बाकी सगळे त्यानंतर.

संशय कुठे घ्यायचा ते कळायला यंत्र कसं चालतं एवढं पुरे. चेन लहान चकतीवरून मोठ्या चकतीवर चढवायची असते तेव्हा आपलं बोट केबल ओढतं. मोठ्यावरून लहानावर उतरवायची असते तेव्हा शिफ्टर केबल नुसती सोडतो. डिरेलरला परत बाहेर आणायचं काम त्याच्या पोटातली स्प्रिंग करते. चढवणारा हात दांडगा असतो, उतरवणारी स्प्रिंग बेताची. केबल आणि तिचं आऊटर, म्हणजे बाहेरचं आवरण, यांच्यात घर्षण वाढलं तर हाताला ते कळतही नाही, पण स्प्रिंग हरते. म्हणून खारवलेल्या केबलची तक्रार घाट चढताना येत नाही, तो उतरताना येते. वेग वाढतो, पाय रिकामे फिरू लागतात आणि चेन मोठ्या चकतीवरच रेंगाळते.

मापं बारीक आहेत. आठ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्यात, एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारे ४.८ मिलिमीटर अंतर असतं, दहाच्या कॅसेटमध्ये ३.९५, अकराच्या कॅसेटमध्ये ३.७ च्या आसपास. शिमानो या जपानी कंपनीच्या दहा गिअरच्या रोड शिफ्टरमध्ये एका टकीला केबल सुमारे २.३ मिलिमीटर सरकते आणि डिरेलर त्याच्या १.७ पट हलतो. म्हणजे आऊटरमध्ये अर्धा मिलिमीटर केबल अडकली, तर डिरेलरची पुली, म्हणजे चेनला वाट दाखवणारं छोटं चाक, ०.८५ मिलिमीटर चुकते. दोन चकत्यांमधल्या वाटेचा पाचवा हिस्सा तिथेच संपला. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एस या आपल्या गिअरसंचात टक-टक करणारं इंडेक्स शिफ्टिंग आणलं, त्याआधी दांडीवरचा लिव्हर अंदाजाने सरकवत असत. केबल थोडी गंजली तर हात आपोआप थोडं जास्त ओढायचा. टकीवर चालणाऱ्या यंत्राला असा अंदाज नसतो.

आता निदानाची सगळ्यात उपयोगी गोष्ट. बिघाड दिशेप्रमाणे बदलतो की जागेप्रमाणे, ते पाहा. सायकल स्टँडवर टांगा, नाहीतर पडवीच्या वाशाला दोर बांधून सीट त्यात अडकवा, आणि एकेक गिअर आधी चढवत, मग उतरवत जा. सगळ्या चकत्यांवर चढणं ठीक आणि उतरणं आळशी, असं असेल तर घर्षण. अशा वेळी बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करणारी पोकळ नळी, पिळून उतरणं जमवलं की चढणं बिघडतं, चढणं जमवलं की उतरणं. तासभर हा खेळ चालतो आणि माणूस डिरेलरच वाईट निघाला म्हणतो. उलट, लहान चकत्यांवर दोन्ही दिशांनी सुरेख आणि मोठ्या चकत्यांवर दोन्ही दिशांनी खडखड, असं असेल तर हँगर वाकलाय. आणि सगळीकडे चढणंच तेवढं आळशी असेल, तर केबल सैल झाली आहे. हा तिसरा प्रकार खरोखर बॅरलने सुटतो: मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, पेडल फिरवून बघा, लागला तर आणखी पाव. नवी केबल घातल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये असं होणारच. आऊटरची टोकं आपापल्या जागी दबून बसतात. पण जुन्या केबलला दर दोन दिवसांनी पाव फेरा लागत असेल, तर तो इशारा आहे. त्याकडे शेवटी येतो.

घर्षण खरोखर कुठे आहे ते शोधायला पाच मिनिटं लागतात. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर चढवा, पेडल थांबवा आणि पेडल न फिरवता शिफ्टर शेवटपर्यंत उतरवा. डिरेलर तिथेच अडकून राहतो, केबल ढिली पडते. केबल बाहेरून जाणाऱ्या फ्रेमवर आता आऊटर खाचांतून सहज निघतो. तो बोटांनी इनरवर, म्हणजे आतल्या तारेवर, मागेपुढे सरकवा. लोण्यातून गेल्यासारखा जायला हवा. कचकच लागली, मध्येच अडकला, किंवा इनरवर तपकिरी रेघ दिसली, तर चोर सापडला. केबल फ्रेमच्या आतून जात असेल, तर डिरेलरपाशी पकडणारा बोल्ट सोडून टोक हाताने ओढून पाहावं लागतं. त्यात एक तोटा: पिंजलेलं टोक एकदा सोडलं की ते परत आऊटरमध्ये शिरायला तयार नसतं.

बहुतेक वेळा चोर शेवटच्या तुकड्यात असतो, मागच्या काट्यापासून डिरेलरपर्यंत कमान करून येणाऱ्या आऊटरमध्ये. जुन्या ठेवणीच्या डिरेलरवर हा तुकडा वीतभराहून मोठा असतो आणि सायकलवरची ही सगळ्यात वाईट जागा आहे. केबलवरून ओघळणारं पाणी इथेच येतं, मागच्या चाकाने उडवलेला जांभ्याचा लाल चिखल इथेच बसतो. पाऊस थांबला तरी सुटका नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. किनाऱ्यावर ती पातळी रोजचीच. म्हणून चाकरमान्यांच्या बंद घरात गणपतीपासून शिमग्यापर्यंत भिंतीला टेकून ठेवलेली सायकल, एक किलोमीटरही न चालता, गिअर टाकेनाशी होते.

हा एक तुकडा आणि इनर बदलला की किनाऱ्यावरच्या निम्म्या तक्रारी संपतात असं मी बेधडक म्हणेन. गिअरची इनर १.२ मिलिमीटर जाडीची, स्टेनलेस स्टीलची घ्या. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, पण खाऱ्या वाऱ्यात मुलामा गेला की गंजून फुगते. वरून गुळगुळीत लेप दिलेल्या महागड्या केबल्स पहिले दोन महिने फार सुंदर चालतात. पुढे लेपाचे धागे सुटून आऊटरमध्येच बोळा बसतो. वाळू आणि मिठाच्या मुलखात साधी स्टेनलेस बरी.

आऊटर गिअरचाच हवा. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाबली की आखडते. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, त्या आखडत नाहीत. लहान गावात पंक्चरवाल्याकडे ब्रेकचंच आऊटर मिळेल. ते गिअरला लावून घरापर्यंत जाता येतं, गिअर ढिसाळ पडतील इतकंच. उलटा प्रयोग मात्र चुकूनही नको. गिअरचं आऊटर ब्रेकला लावलं, तर जोराच्या दाबाखाली ते फाटतं आणि ब्रेक जातो.

कापायला चांगला केबल कटर वापरा. पक्कडीने आऊटरचं तोंड चेपतं आणि आतली प्लॅस्टिकची नळी मिटते. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, मग दाभण घालून नळीचं तोंड गोल उघडा. ही दाभणाची पायरी नव्वद टक्के लोक गाळतात आणि मग नव्या केबलला नावं ठेवतात. दोन्ही टोकांना टोप्या घाला. लांबी जुन्या तुकड्याइतकी, जुना मुळात योग्य असेल तर. कमान कुठेही तुटक वळता कामा नये. ग्रीस भरू नका, जाड ग्रीस वाळू धरून ठेवतं. पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरतात.

केबल बदलताना सायकल उलटी करून पेडलच्या धुऱ्याखाली एकदा डोकवा. बाहेरून जाणाऱ्या केबल्स तिथे प्लॅस्टिकच्या पन्हळीतून वळतात. त्या पन्हळीत लाल चिखल वाळून विटेसारखा झालेला असतो. जुना टूथब्रश आणि गोडं पाणी, बस.

केबल सुटलेली असतानाच डिरेलरची परीक्षा घ्या. अंगठ्याने तो चाकाकडे ढकला आणि सोडा. फटकन बाहेर आला पाहिजे. आळसावून आला, तर त्याच्या चारही सांध्यांत खार बसलाय. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, प्रत्येक सांध्याला पातळ तेलाचा एक थेंब द्या आणि वीस-तीस वेळा आत-बाहेर हलवा. शिवणयंत्राचं तेल इथे उत्तम चालतं. तेल देऊनही ढकलताना खरखर लागत असेल किंवा पुल्यांचा पिंजरा धरून हलवला की सगळा डिरेलर लुळा डुलत असेल, तर त्याचे दिवस भरले. वरची पुली आडवी थोडी हलते ती मात्र बिघाड समजू नका. शिमानोच्या वरच्या पुलीत तेवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते, चेनच्या रेषेत ती स्वतःच येऊन बसावी म्हणून.

हँगर म्हणजे फ्रेमच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला लावलेली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी, जिच्यावर डिरेलर लटकतो. फ्रेमला इजा होण्याआधी तिने वाकावं म्हणून ती मुद्दाम मऊ केलेली असते, आणि आपलं काम ती इमानाने करते. किनाऱ्यावर तिला वाकायच्या संधी पुष्कळ. आगरदांडा ते दिघी किंवा जयगड ते तवसाळच्या फेरीबोटीत कठड्याला टेकवलेली सायकल बोट धक्क्याला लागताच कलंडते. एसटीच्या टपावर तिच्यावर दुसऱ्याचं सामान पडतं. आंब्याच्या टेम्पोत पेट्यांमध्ये दाबून बसवली तर विचारूच नका. पडझड नेहमी आठवत असते असंही नाही. उभी सायकल उजव्या कुशीवर पडली तरी हँगर दोन-तीन अंश आत वळतो.

मागून पाहिलं की कळतं. दोन्ही पुल्यांमधून जाणारी उभी रेघ चकत्यांच्या पातळीला समांतर हवी. खालची पुली चाकाकडे झुकलेली दिसली, तर हँगर आत गेलाय. अशा वेळी हलका गिअर, म्हणजे मोठी चकती, मुळीच लावून बघू नका. पिंजरा स्पोकमध्ये शिरला, तर डिरेलर, स्पोक आणि हँगर तिन्ही एका फेऱ्यात जातात, आणि मागचं चाक उतारावर जाम होणं म्हणजे काय ते सांगायला नको.

सरळ करायला गेज मिळतो, पण तो रत्नागिरी-चिपळूणच्या पुढे लहान गावात कोणाकडे असेल यावर विसंबू नका. सोबत दुसरी रोड बाईक असेल, तर एक जुनी युक्ती आहे. हँगरचा आटा १० मिलिमीटर व्यासाचा, एक मिलिमीटर पिचचा असतो, आणि क्विक रिलीजच्या (पान्याशिवाय, खटक्याने सुटणाऱ्या) बहुतेक मागच्या चाकांच्या धुऱ्याचाही तोच. डिरेलर ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने सोडून बाजूला करा, दुसऱ्या सायकलच्या मागच्या चाकाचा क्विक रिलीजचा दांडा काढा आणि चाक धुऱ्यासकट हँगरमध्ये हाताने पिळून बसवा. आटा सहज गेला तरच. जोर लागला तर थांबा, तो आटा वेगळा आहे. आता दोन चाकं शेजारी उभी राहतात. दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. चारही ठिकाणचा फरक ४ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत पाहुण्या चाकालाच तरफ करून हलकेच वाकवा. एकदाच, सावकाश आणि शक्यतो एकाच दिशेने. ॲल्युमिनियम पुढेमागे वाकवलं की तडकतं. तडा दिसला तर सरळ झालेला हँगरही टाकून द्या. आणि आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर बॅगेत ठेवा. यांचे आकार फ्रेमगणिक बदलतात. शहरातल्या दुकानातही ‘जवळपास तसाच’ चालत नाही.

बोटीत सायकल डाव्या अंगाने टेकवा, चेन मोठ्या चकतीवर चढवून ठेवा म्हणजे डिरेलर आत राहतो. रेल्वेने किंवा टेम्पोने पाठवायची असेल, तर डिरेलर सोडून फडक्यात गुंडाळा आणि मागच्या काट्याला बांधा. केबल सोडावी लागत नाही. परत लावताना बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पीळ.

हे सगळं झाल्यावर स्क्रूला हात लावायचा हक्क मिळतो, आणि त्यालाही क्रम आहे. केबल सुटलेली, चेन सगळ्यात लहान चकतीवर. मागून पाहत एचचा स्क्रू असा ठेवा की वरची पुली त्या चकतीच्या बाहेरच्या कडेखाली येईल. बॅरल पूर्ण आत पिळून एक फेरा मागे घ्या. शिफ्टर शेवटपर्यंत उतरवलेला आहे ना ते तपासा, केबल हाताने ताणा आणि ६ ते ७ न्यूटन-मीटरने आवळा. केबल बोल्टच्या खाचेतूनच गेली पाहिजे. चुकीच्या बाजूने आवळली तर तरफेचं माप बदलतं आणि मग जन्मभर बॅरल फिरवा, मधले गिअर जुळत नाहीत. एक टक देऊन दुसऱ्या चकतीवर या. शिमानोच्या बऱ्याच शिफ्टरवर खूण सोपी आहे: लिव्हर टक होण्याआधीच्या मोकळिकीपुरता दाबला की चेन तिसऱ्या चकतीला हलकं घासू लागते, सोडला की गप्प होते. तिथे बॅरल सोडा. मग चेन मोठ्या चकतीवर नेऊन एलचा स्क्रू: पुली त्या चकतीच्या बरोबर खाली, आणि लिव्हर कितीही दाबला तरी स्पोककडे न जाणारी. शेवटी बी स्क्रूने, म्हणजे हँगरजवळच्या तिसऱ्या स्क्रूने, वरची पुली आणि मोठी चकती यांच्यात पाच-सहा मिलिमीटर अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर गिअर मंद, कमी ठेवलं तर घरघर.

काही गुन्हे डिरेलरच्या नावावर उगाच चढतात. प्रवासानंतर चाक काट्यात पूर्ण बसलेलं नसतं; सायकल जमिनीवर सरळ उभी करून क्विक रिलीज सोडा आणि पुन्हा आवळा, कधी कधी एवढ्यानेच सगळं सुटतं. दहा गिअरची शिमानो कॅसेट अकराच्या बॉडीवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते त्यावर) चढवताना मागची १.८५ मिलिमीटरची जादा वॉशर घालायची राहिली, तर कॅसेटच डुगडुगते. आणि चढावर जोर लावला की चेन घसरते, पण बिनजोराने सगळे गिअर छान पडतात, तर ती झीज आहे. चेनच्या बारा जोडकड्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. त्या ३०६.३ झाल्या की अर्धा टक्का; अकरा-बारा गिअरवाल्यांनी इथे चेन बदलावी, दहा आणि त्याखालच्यांनी पाऊण टक्क्यापर्यंत चालवावी. जुन्या कॅसेटवर नवी चेन घातली आणि ती एकाच लाडक्या चकतीवर उडू लागली, तर कॅसेटही गेली. पेडल उलटं फिरवताना पुलीपाशी ठरावीक अंतराने उडी दिसली तर एखादी कडी गंजून ताठ झाली आहे. दोन्ही अंगठ्यांनी ती आडवी वाकवून मोकळी करा.

खोबरेल तेलाबद्दल एक शब्द, कारण घरात ते हाताशी असतं. पंचवीसेक अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. दापोलीकडे पौषातल्या पहाटे चेनवर खोबरेलाचे पांढरे गोळे होतात. शिवाय पहिल्याच सरीत ते धुऊन जातं. चेनचं तेल चेनलाच. ओहोटीला पुळणीवरून सायकल हाकायचा मोह आवरला नाही, तर त्याच संध्याकाळी बादलीभर गोडं पाणी आणि फडकं. गाड्या धुणारा जोराचा फवारा नको, तो मीठ बेअरिंगमध्ये ढकलतो.

आता तो दर दोन दिवसांनी लागणारा पाव फेरा. केबलचं डोकं शिफ्टरच्या पोटात असतं आणि तिथेच ती छोट्या चाकावरून वळते. रोजच्या शेकडो टकींनी तारा एकेक करून तुटतात, केबल लांबते, मोठ्या चकत्या मिळेनाशा होतात, आपण बॅरल पिळतो, आणखी दोन तारा जातात. रबरी हूड मागे सारून बघितलं की काही शिफ्टरमध्ये पिंजलेलं टोक दिसतं. एक तार तुटलेली दिसली की त्याच दिवशी केबल बदलावी. सततच्या चढउताराच्या रस्त्यांवर पावसाळा संपला की दरवर्षी न बघता बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

तुटलीच वाटेत, तर स्प्रिंग डिरेलरला सगळ्यात लहान चकतीवर नेऊन टाकते. बारा दात्यांनी खाडीतून सड्यावर चढणं कठीण. एचचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने पिळत गेलात, तर चेन एक-दोन चकत्या वर येते. आणखी हवी असेल, तर डिरेलर हाताने आत ढकलून त्याच्या चौकटीत कडेच्या झुडपाची टणक काटकी आडवी अडकवा; मधल्या चकतीवर चेन धरून ठेवते. पुढचे दोन गिअर तर आहेतच.

दुकान आलं की नवी केबल सरकवण्याआधी शिफ्टर शेवटपर्यंत उतरवा, नाहीतर भोक समोर येत नाही. जुनं डोकं आत अडकलेलं असतं. दाभणाने मागून ढकला, ते आणि तुटलेल्या तारांचे तुकडे सगळे बाहेर आले याची टॉर्चने खात्री करा. एक तुकडा जरी आत राहिला, तरी तो दातऱ्यांत जाऊन बसतो, आणि केबलच्या किमतीत सुटणारं काम शिफ्टरच्या किमतीला जातं.